पाटावर मांडलेल्या दोन डिस्का

संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या व्यवसायातले थरारक अनुभव लिहून द्या." मी आधी विचारून घेतलं की नंबर बरोबर लावला ना. मागच्या वर्षी याच अंकात मेळघाटातल्या एका निवृत्त वनाधिकाऱ्यांनी वाघावर लिहिलं होतं. त्यांच्यासमोर वाघ आला होता. माझ्यासमोर उभ्या जन्मात काय आलं असेल, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावरची एक निळी पट्टी. ती डावीकडून उजवीकडे सरकते आणि शेवटच्या टोकाला पोचायच्या आधी बसकण मारते. मीही मग तिच्यासमोर बसून राहतो. दोघांपैकी आधी कोण उठतं एवढाच काय तो थरार.

मी सर्व्हरवाला आहे. अमरावतीत राहतो, इकडे मोर्शी-अचलपूर आणि तिकडे अकोल्यापर्यंत माझी गिऱ्हाइकं पसरलेली आहेत. पन्नाशी ओलांडली, पण मी नेमकं काय करतो हे माझ्या घरात अजून कोणाला कळलेलं नाही. बायको शेजारीपाजारी सांगते, "ते कॉम्प्युटरचं काहीतरी पाहतात." साळ्यानं तर एका दिवाळीत मिक्सर आणून दिला, "भाऊजी, तुमच्या लाइनीतलंच आहे." मी तो उघडला. तेव्हापासून तो कोणाकडूनच दुरुस्त होत नाही, आणि घरात माझ्या हुशारीचा विषय निघाला की बायको नुसतं त्या मिक्सरकडे पाहते.

तर काम सांगतो. एखाद्या ऑफिसात पाच-दहा कॉम्प्युटर असतात. प्रत्येकाच्या फायली वेगवेगळ्या राहिल्या तर गोंधळ होतो, म्हणून सगळ्यांच्या फायली एका मोठ्या मशीनमध्ये ठेवतात. तो सर्व्हर. त्याच्या पोटात फिरत्या डिस्का असतात. तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर एक बारीक दांडी इकडून तिकडे पळत फाईल शोधते. एकानं फाईल मागितली तर ठीक. दहा जणांनी एकदम मागितल्या की त्या दांडीचं लग्नाच्या पंगतीतल्या एकट्या वाढप्यासारखं होतं. इकडे वरण म्हणतात, तिकडे भाजी म्हणतात, आणि तो मध्येच उभा.

मग बाजारात एसएसडी आली. तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळं चिपांवर. मागितलं की हजर. पण सगळा सर्व्हरच तिचा बनवायचा म्हणजे गिऱ्हाइकाचे डोळे पांढरे होतात. म्हणून आम्ही एक मधला मार्ग काढला. जुन्या मोठ्या डिस्का तशाच ठेवायच्या आणि त्यांच्या पुढे एसएसडी बसवायची. किराणा दुकानात चहा, साखर, मीठ दुकानदाराच्या हाताशी काउंटरवर असतं आणि बाकीचा माल मागच्या गोदामात. तेच इथं. एसएसडी म्हणजे काउंटर, मोठ्या डिस्का म्हणजे गोदाम. गिऱ्हाइकाला वाटतं अख्खं दुकानच चपळ झालं.

या धंद्यात माणसं भेटतात तीही एकेक नमुनाच. अचलपूरच्या एका कापडवाल्या शेठजींच्या सर्व्हरला मी एसएसडी बसवली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन, "भाऊ, हे बंद पडलं." एसटीनं धावत गेलो. सर्व्हर उत्तम चालू. म्हटलं, "शेठजी, चालू आहे की." ते म्हणाले, "मंग आवाज काहून नाई करत? पयलेवाली कशी करकर करे, तं आपल्याले समजे का काम करून राह्यली. इचं काही समजतच नाई." त्यांच्या समाधानासाठी मी एक जुनी रिकामी डिस्क बाजूला जोडून दिली. ती काहीही काम न करता करकरते आणि शेठजींना शांत झोप लागते. हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत यशस्वी प्रकल्प. बाकीचे यशस्वी झाले असं मी म्हणणार नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. ती अकोल्याची.

अकोल्यात राजूभाऊंचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे, शाळांची गॅदरिंगं. पाच पोरं-पोरी कॉम्प्युटरवर एडिटिंगला बसलेली असतात. राजूभाऊ माणूस मोठा भाविक आणि प्रेमळ, पण त्या दिवशी फोनवर वैतागलेले होते. "भाऊ, पोट्टे फाईल उघडायले टाकतात अन् खर्रा घोटायले जातात. खर्रा घोटून, खाऊन, थुकून येतात, तरी फाईल उघडली नसते! सर्व्हर हाय का रसवंतीचा बैल?"

मी गेलो आणि दोन एसएसडी बसवल्या. दोन अशासाठी की एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही. एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. मग सगळ्यांना बोलावलं आणि राजूभाऊंना म्हटलं, "एखादं मोठं लग्न उघडा." त्यांनी बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत नवरदेव घोड्यावर दिसायला लागला.

"अरे बाप्पा!" राजूभाऊ खुर्चीतून उठलेच.

शहाणा माणूस इथं बिल देऊन घरी जातो. मी भाषण केलं. त्या दोन्ही डिस्कांवरून हात फिरवत म्हणालो, "राजूभाऊ, तुमच्या धंद्याची लक्ष्मी म्हणाल तर ह्या दोघी. बाकीचा डोलारा नुसता नावाला. खरं काम ह्याच करतात." एवढ्यावर थांबलो नाही. त्या कशा निघतात, कशा परत बसतात, तेही करून दाखवलं. खटका दाबला की ड्रॉवरसारख्या बाहेर. राजूभाऊंनी स्वतः दोनदा काढून-लावून पाहिल्या. त्यांना फार मजा वाटली. मलाही वाटली.

आणखी एक शहाणपण केलं होतं, तेही सांगून टाकतो. नवीन फाईल आली की ती दोन प्रकारे ठेवता येते. सरळमार्गी प्रकार म्हणजे माल गोदामात लागला की मगच "पोचला" म्हणायचं. दुसरा प्रकार वेगवान. माल काउंटरवर टेकला की लगेच "पोचला" म्हणायचं आणि गोदामात सवडीनं लावायचा. मला लोकांची उघडी पडलेली तोंडं बघायची हौस, त्यामुळे मी दुसरा निवडला. दिवसा एडिटिंगला अडथळा नको म्हणून गोदामात माल लावायचं काम रात्रीवर टाकलं. सगळ्याची एक जादा प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं कामही रात्रीच. दुकान बंद झाल्यावर सर्व्हर बिचारा निवांत हे करत बसेल, असा माझा हिशेब.

"राजूभाऊ, सर्व्हर कधीच बंद करायचा नाही," मी बजावलं.

"हाव," राजूभाऊ म्हणाले.

पण त्यांच्या वडिलांपासून त्या दुकानाची एक शिस्त होती. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा, उदबत्ती ओवाळायची, मेन स्विच पाडायचा आणि मग शटर ओढायचं. चालू विजेवर दुकान सोडून जाणं म्हणजे जळती चूल सोडून जाणं. ते सर्व्हर अगदी रीतसर, सांगितलेल्या बटणानं बंद करायचे आणि मग स्विच पाडायचे. त्यामुळे कशाचंच नुकसान होत नव्हतं, फक्त रात्र म्हणून सर्व्हरला कधी मिळालीच नाही. रोज माल काउंटरवर येत होता आणि तिथंच राहत होता. मी डिस्का ऐसपैस घेतल्या होत्या, त्यामुळे काउंटर भरलंही नाही. भरलं असतं तर निदान तक्रार आली असती. मी अधूनमधून अमरावतीहून फोन करायचो, "कसं काय?" ते म्हणायचे, "एकदम झकास!" आणि मी फुशारून दुसऱ्या गिऱ्हाइकाला राजूभाऊंचं उदाहरण द्यायचो.

आता किसनकाकाजी.

अकोल्याच्या भाजीबाजारात पहाटे माल उतरतो आणि त्याचा हर्रास होतो, म्हणजे लिलाव. तो हर्रास बोलायचं काम काकाजींनी आयुष्यभर केलं. माळ्याचं घर, स्वतःच्या वावरात झेंडू, शेवंती, वांगी, पण ओळख सगळी आवाजाची. ओट्यावर उभं राहून "बोलाऽऽ" म्हटलं की बाजार गप्प व्हायचा. भोंगा कधी हातात धरला नाही. लोक सांगतात, नदीच्या पुलावर सायकल थांबवून ऐकलं तरी वांग्याचा भाव कळायचा. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

त्याच काकाजींच्या घशात गाठ निघाली. जन्मभर खाल्लेला तंबाखू-सुपारीचा खर्रा. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघून भरती व्हायचं ठरलं.

त्यांची मुलगी माधुरीताई शाळेत शिक्षिका आहे. तिच्या मनात आलं, आवाज आहे तोवर तो जपून ठेवू. नवरात्रात ती वडिलांना राजूभाऊंच्या स्टुडिओत घेऊन आली. नातवंडांना लग्नाच्या दिवशी द्यायचे आशीर्वाद, चार उपदेशाच्या गोष्टी, जीवनाचा परिचय, असं सगळं तिनं सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं. काकाजींनी इस्त्रीचा सदरा घालून ते माइकसमोर वाचलं. राजूभाऊंनी रेकॉर्डिंग सर्व्हरवर ठेवलं, "पोचलं" असं वाचलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून गरब्याच्या शूटिंगला पाठवून दिलं. त्यांची काहीच चूक नाही. सर्व्हरनं सांगितलं होतं पोचलं म्हणून.

म्हणजे काकाजींचा आवाज जगात दोनच ठिकाणी होता. एक त्यांच्या घशात, आणि एक माझ्या त्या दोन लक्ष्म्यांच्या पोटात.

आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा. त्या दिवशी त्यांना विश्रांती, कोणी कामाला लावायचं नाही. राजूभाऊंच्या स्टुडिओत दरवर्षी कॅमेरे, लाइट, स्टॅंड सगळं पुसून पाटावर मांडतात. त्या वर्षी राजूभाऊंच्या मनात आलं, जे खरं काम करतात त्यांना मान नको का? सर्व्हर रीतसर बंद केला, खटका दाबला, ड्रॉवर ओढले आणि दोघींना पाटावर आणून बसवलं. पाटाभोवती रांगोळी काढली. पळीनं पाणी शिंपडलं. हळदी-कुंकू कुठं लावायचं? डिस्कच्या एका कडेला सोनेरी दातऱ्या असतात, त्या सर्व्हरमध्ये जाऊन बसतात. "तिथंच जरासं सोनं दिसलं," राजूभाऊ मला नंतर म्हणाले, "म्हटलं हेच कपाळ असंन." वरून झेंडू वाहिला. तो झेंडू किसनकाकाजींच्याच वावरातला.

मी धंद्यात येताना वीज पडण्याचा विचार केला होता, उंदराचा केला होता, एक डिस्क मरण्याचा केला होता. दोन्ही डिस्का एकदम, प्रेमानं, काढून कोणी ओवाळेल हे मी कुठं वाचलं नव्हतं.

आणि आता हसू नका. त्या पूजेचा फोटो राजूभाऊंनी मला त्याच दिवशी मोबाईलवर पाठवला होता. दोन्ही डिस्का समोर, स्वच्छ दिसतायत, डोक्यावर कुंकू. मी उत्तर पाठवलं, "खूप सुंदर!", पुढे जोडलेले हात आणि दोन फुलं. जुन्या, बाद डिस्का मांडल्या असतील असं समजलो. खरं तर काहीच समजलो नाही. सणाच्या दिवशी येणारे फोटो कोण नीट बघतो हो?

दसऱ्याच्या सकाळी मी दारात माझ्या गाडीला हार घालत होतो तेव्हा फोन वाजला.

"भाऊ, दसऱ्याच्या शुभेच्छा!"

"तुम्हालाही."

"मुहूर्तावर सर्व्हर चालू केला."

"छान."

"जुनं सगळं हाय, भाऊ."

माझ्या हातातला हार तसाच राहिला. "जुनं सगळं आहे" हे वाक्य सर्व्हरवाल्याच्या कानात कसं पडतं ते दुसऱ्याला नाही कळणार. "आणि नवं?" मी विचारलं.

"तेच पाहून राह्यलो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पाट, पळी, कपाळ. डिस्का परत लावल्या तेव्हा सर्व्हर काही त्यांना ओळखेना. पडद्यावर प्रश्न आला: एसएसडी सापडत नाहीत, त्यांच्याविना पुढे जायचं का? यस किंवा नो.

"मग तुम्ही काय दाबलं?"

"यस."

"का पण?"

"भाऊ, दसऱ्याच्या दिवशी, मुहूर्तावर, नो कसं दाबाव?"

मी अर्धवट हाराची गाडी काढली आणि मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला सुटलो. रस्त्यानं ट्रॅक्टर, बस, सायकली, सगळे झेंडूत माखलेले. माझी एकट्याची गाडी एका बाजूनं उघडी.

दुपारी स्टुडिओत पोचून पाहिलं. एका डिस्कच्या दातऱ्यांत ओली हळद जाऊन ती कायमची गेली होती. दुसरी पुसून, वाळवून पाहिली, तिच्यात धुगधुगी होती. पण सर्व्हर तिच्याविना पुढे निघून गेला होता आणि आता तिच्या पोटातला माल कुठल्या फाईलचा कुठला तुकडा, हे जुळवत बसायचं होतं. आठवडे लागले असते, आणि मिळेलच याची खात्री नव्हती. काकाजी मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी निघणार होते.

"तुमीच सांगा काकाजीले," राजूभाऊ म्हणाले.

"मी? पाटावर मांडल्या कोणी?"

"लक्ष्मी कोनं म्हटलं होतं?"

मी हरलो. राजूभाऊंनी माइक आणि रेकॉर्डर पिशवीत घेतला आणि आम्ही दोघं निघालो.

काकाजींच्या घरी माणसांची ये-जा चालू होती. आपट्याची पानं घेऊन लोक येत होते, पाया पडत होते, आणि उद्याचं कोणी बोलत नव्हतं. काकाजी बाजेवर बसलेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या हातावर पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." अर्धी हवा, अर्धा आवाज.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. माधुरीताई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिनं तो खाली ठेवला.

"सर, तुम्ही काय घालवलं तुम्हाला कळतं का?" ती शाळेत बोलतात तशा स्पष्ट मराठीत बोलली, आणि मग तिचा तोल सुटला. "आता कुठून आणू मी? आठ दिवसांपयले आवाज होता, आता तेवढाबी नाई राह्यला! तुमाले एवढं एकच काम होतं नं, सांभाळून ठेवाचं!"

एवढं एकच काम होतं, हे अगदी खरं होतं. राजूभाऊ दाराशी चपलांकडे बघत उभे.

काकाजींनी हात वर करून तिला थांबवलं. "काय गेलं म्हंते? ते कागद वाचलेलं?"

"हो, काकाजी."

"राजू, लाव बे तुई मशीन." ते म्हणाले. राजूभाऊंनी घाईघाईनं माइक समोर ठेवला. माधुरीताईनं धावत जाऊन ते कागद आणले. काकाजींनी ते घेतले, घडी केली आणि मांडीखाली सरकवले. "थांब वं. आंधी मले समजू दे, माहा आवाज गेला कुठी." आणि माझ्याकडे वळले, "सांग बे. काय केलं तू?"

मी काउंटर आणि गोदाम सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते.

"म्हंजे माल ओट्यावर पडला होता."

"हो."

"अन् तू म्हनला गाडीत चढला."

"हो."

"चढला नोता."

"नाही, काकाजी."

"मंग या राजूनं अख्खा ओटाच उचलला, पाटावर मांडला, अन् त्याले माह्याच वावरातला झेंडू वाह्यला!"

राजूभाऊंची मान आणखी खाली गेली. काकाजी हसले. हसता हसता ठसका लागला, माधुरीताई पुढे झाली, त्यांनी तिला बाजूला केलं आणि बाजेचा आधार घेऊन उभे राहिले. डाव्या हातानं माझं मनगट धरून मला खोलीच्या मधोमध ओढलं. उजवा हात वर गेला.

"बोला हो, बोलाऽऽ!"

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा घरघर. तिसऱ्या वेळेला तो आवाज लागला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. दारात पानं घेऊन आलेले लोक होते तिथं थांबले.

"बोला! अमरावतीचा माल आला! एक नग इंजिनियर! वरतून पाहा कसा चकाकून राह्यला! आतून किडका निघाला तं मी जिम्मेदार नाई! केस पिकले, अक्कल कच्ची! बोला, पाच रुपये बोला! पाच नाई? चार बोला! अरे भाऊ, वांग्याची पाटी बी याच्याहून महाग जाते! घरी न्या, दारात उभा करा, पाखरं तं हाकलंन! काय म्हनता, पाखरं बी भेत नाईत? भैताड माल हाय, पन गरीब हाय, चावत नाई! बोला, हाय का कोनी घेनारा?"

सगळे पोट धरून हसत होते. माधुरीताईची मुलगी जमिनीवर लोळत होती. माधुरीताई पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळे वाहत होते. बोली मात्र कोणी लावेना.

"कोनीच नाई?" काकाजींनी माझं मनगट सोडलं. "जाय बे. जाय वापस अमरावतीले. तुले गिऱ्हाईक नाई."

आवाज फाटला आणि ते बाजेवर बसले. धाप लागली होती. जरा वेळानं माइककडे पाहत म्हणाले, "बस झालं. माधुरी, या दोघाईले जेवू घाल."

राजूभाऊंनी रेकॉर्डर बंद केला.

मी तिथंच, ताट समोर यायच्या आत, त्याच्या प्रती केल्या. माझ्या लॅपटॉपवर, मोबाईलवर, माधुरीताईच्या मोबाईलवर, पेनड्राइव्हवर. प्रत्येक प्रत उघडून शेवटपर्यंत ऐकली, म्हणजे स्वतःला प्रत्येक वेळी भैताड, अर्थात बावळट, म्हणवून घेतलं. माधुरीताईनं तेवढ्यातही विचारलं, "सर, आता गोदामात पोचलं ना?"

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काकाजी वाचले. आवाज गेला.

मी इकडे अमरावतीत ती दुसरी डिस्क घेऊन बसलो. बाकीची कामं मागे टाकली, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, तुकड्याला तुकडा जोडत गेलो. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका दुपारी एक फाईल उघडली. "माझ्या प्रिय नातवंडांनो..." मी खुर्चीतून उडालो. बायकोला ओरडून सांगितलं, "मिळालं! सगळं मिळालं!" ती म्हणाली, "वा! मग आता मिक्सर बघा."

मोठ्या दिमाखात अकोल्याला गेलो. काकाजी बाजेवर, गळ्याभोवती पातळ रुमाल. मी रेकॉर्डिंग लावलं. स्वच्छ, एकही तुकडा न हरवलेलं. काकाजींनी सभ्यपणे थोडं ऐकलं आणि हात हलवला, बंद कर.

मला काही समजेना. माधुरीताई म्हणाली, "सर, रागावू नका. तुम्ही फार कष्ट केले. पण हे मी लिहिलेलं आहे. हे ऐकताना मला माझंच अक्षर दिसतं. बाबा असे कधी बोलले नाहीत हो." मग म्हणाली, "तुमच्यामुळे हे गेलं नसतं, तर बाबांचा आवाज म्हणून आमच्याजवळ एवढंच राहिलं असतं."

याला दिलासा समजावा की काय समजावं, मी अजून ठरवलेलं नाही. तेवढ्यात तिच्या मुलीनं फर्माईश केली, "ते लावा नं, इंजिनियरच्या हर्रासवालं!"

राजूभाऊंचा सर्व्हर आता गोदामात माल लागल्यावरच "पोचला" म्हणतो. थोडा हळू झाला आहे. ते कुरकुरतात, मी ऐकून घेतो. जादा प्रत उतरवायचं कामही भर दिवसा होतं, कारण मेन स्विच काही ते पाडल्याशिवाय राहणार नाहीत. दर खंडेनवमीला मी स्वतः अकोल्याला जाऊन सर्व्हरच्या दारासमोर उभा राहतो. कुंकू बाहेरच्या पत्र्याला. पाटावर नारळ बसवतो.

आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, काकाजींच्या घरी जेवायला जावंच लागतं. जेवणाआधी ते रेकॉर्डिंग लागतं. मी खोलीच्या मधोमध उभं राहायचं, ही तिथली आता रीतच झाली आहे. आवाज सुरू होतो, घरात हशा पिकतो, मी विकला जात नाही, आणि मग पानं वाढतात.

या दसऱ्यालाही तसंच झालं. केस पिकले, अक्कल कच्ची, पाखरं बी भेत नाईत. सगळ्यांना पाठ आहे, सगळे सोबत म्हणतात. "बोला, हाय का कोनी घेनारा?" असं झालं आणि बाजेवरून काकाजींनी हात वर केला. पाची बोटं उघडून.

सोबत म्हणणारे सगळे त्यांच्याकडे वळले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या बोल्या पुकारल्या, स्वतः कधी कशावर बोली लावली नाही.

"कोनीच नाई?" मोबाईलमधला आवाज म्हणाला.

काकाजींनी मोबाईलकडे रागानं पाहिलं आणि हात आणखी वर नेला.

"जाय बे," आवाज म्हणाला. "जाय वापस अमरावतीले. तुले गिऱ्हाईक नाई."

"हाय! हाय ना, बाबा!" माधुरीताई त्या मोबाईलला सांगायला लागली. मला पुढचं नीट दिसलं नाही, चष्मा पुसावा लागला. काकाजींनी हात खाली घेतला, त्याच हातानं माझं मनगट धरलं आणि मला बाजेवर आपल्या बाजूला बसवून घेतलं.

"बस झालं," आवाज म्हणाला. "माधुरी, या दोघाईले जेवू घाल."

माधुरीताई उठली आणि तिनं पानं मांडली.